कडेवरचं नाव: ब्रिटिशकालीन सद्वर्तन पदक ओळखणं, जपणं आणि त्यामागचा सैनिक शोधणं

ब्रिटिशकालीन हिंदी सैन्यातलं ‘लाँग सर्व्हिस अँड गुड कंडक्ट’ पदक, म्हणजेच सद्वर्तन पदक, हातात आलं की बहुतेकांची नजर आधी राणीच्या किंवा राजाच्या चेहऱ्याकडे जाते. तो चेहरा हजारो पदकांवर सारखाच आहे. खरी माहिती असते ती दोन-तीन मिलिमीटर जाडीच्या कडेवर. सैनिकाचा क्रमांक, हुद्दा, नाव आणि पलटण तिथे गोलाकार कोरलेली किंवा ठोकलेली असते. ही कड म्हणजे एक ओळीचा दस्तऐवज आहे. कड शाबूत असेल तर माणूस सापडण्याची आशा असते. ती घासली गेली की उरते ती फक्त चांदी.

हे पदक १८८८ मध्ये सुरू झालं. हिंदी शिपाई, नाईक, हवालदार आणि घोडदळातले सवार, दफेदार यांना ते वीस वर्षांच्या निष्कलंक नोकरीनंतर मिळत असे. पदक चांदीचं, व्यास सुमारे ३६ मिलिमीटर. मागच्या बाजूला मधोमध ‘इंडिया’ हा शब्द, त्याभोवती पानांचं आणि कमळाचं वेटोळं, आणि कडेलगत गोलाकार ‘फॉर लाँग सर्व्हिस अँड गुड कंडक्ट’. इथे पहिली गफलत होते. त्याच वर्षी सुरू झालेल्या हिंदी ‘मेरिटोरिअस सर्व्हिस’ पदकाची मागची बाजू अगदी अशीच आहे, फरक फक्त गोलाकार मजकुरात. मजकूर पूर्ण वाचल्याशिवाय पदकाचं नाव ठरवू नका. गोऱ्या सैनिकांचं ब्रिटिश सद्वर्तन पदक १८३० पासूनचं; त्याची रचना आणि नियम वेगळे, त्याची कागदपत्रंही वेगळ्या ठिकाणी.

फीत १९१७ पर्यंत पूर्ण किरमिजी होती, त्यानंतर तिच्या दोन्ही कडांना पांढरे पट्टे आले. रुंदी सव्वा इंच, म्हणजे सुमारे ३२ मिलिमीटर. फितीवरून मात्र काळ ठरवू नये, कारण ती बदलणं सगळ्यात सोपं.

आधी हात आवरा

घरात चांदी चकचकीत करायची सवय असते. चिंच, दंतमंजन, रांगोळी, राख, बाजारातली पॉलिशची पेस्ट, यांपैकी काहीही पदकाला लावू नका. कोरीव अक्षरांची खोली मिलिमीटरच्या अंशात असते आणि बारीक भुकटी प्रत्येक घासणीला धातूचा एक थर नेते. दर दिवाळीला घासलेल्या पदकावर पन्नास वर्षांनी फक्त पलटणीचा आकडा उरलेला दिसतो, तोही तिरप्या उजेडात. काळेपणा हा चांदीवरचा सल्फाइडचा थर आहे. त्याने नावाचं नुकसान होत नाही. उलट अक्षरांच्या खाचांत तो जास्त गडद बसल्यामुळे वाचायला मदतच होते.

धूळ असेल तर मऊ, कोरडा ब्रश. तेलकट चिकटा असेल तर फीत काढून, साबणाचे दोन थेंब टाकलेल्या कोमट पाण्यात बुडवून लगेच स्वच्छ पाण्यात धुवा आणि मऊ सुती कापडाने टिपून घ्या, चोळू नका. जुनी फीत कधीही धुऊ नका. किरमिजी रंग पांढऱ्या पट्ट्यांत उतरतो आणि मग काही करता येत नाही.

कड वाचणं

लागणारं सामान थोडं आहे: दहापट मोठं दाखवणारं भिंग, व्हर्नियर कॅलिपर, ०.०१ ग्रॅमपर्यंत मोजणारा तराजू, एक छोटी टॉर्च आणि फोमचा तुकडा. फोमला चीर पाडून पदक उभं ठेवा. टॉर्च एका बाजूला, जवळजवळ टेबलाच्या पातळीवर धरा, म्हणजे अक्षरांच्या सावल्या पडतात. टांगणीच्या (फीत ओवायच्या, पदकाला जोडलेल्या दांडीच्या) डावीकडून सुरुवात करून पदक थोडं थोडं फिरवत सात-आठ फोटो काढा. प्रत्येक फोटोत आधीच्या फोटोतली दोन-तीन अक्षरं आली पाहिजेत. नाहीतर जोडताना एखादं अक्षर हरवतं आणि ते बहुधा क्रमांकातलंच असतं.

मग कडेवर जसं आहे तसं, टिंबं आणि स्वल्पविरामांसकट, लिहून काढा. स्पेलिंग दुरुस्त करू नका. दुरुस्तीचा रकाना वेगळा ठेवा. इंग्रज कारकुनाने ऐकलं तसं लिहिलं, त्यामुळे सखाराम ‘सक्काराम’ होतो, रामचंद्र ‘रामचंदर’ होतो, जाधव ‘जाडो’ होतो. नोंदींत शोधताना तुम्हाला हीच रूपं लागणार आहेत. प्रत्येक नावाची पाच-सहा संभाव्य स्पेलिंगं आधीच लिहून ठेवली की शोध वेगाने होतो.

एक अडचण खास आपल्याकडची. महार सैनिकांच्या नावामागे ‘नाक’ हा प्रत्यय येतो. कोरेगाव भीमाच्या स्तंभावरच्या नावांतही तो आहे. कडेवर तो ‘एन-ए-सी’ किंवा ‘एन-ए-के’ असा लिहिलेला असतो आणि पुष्कळ जण तो ‘नाईक’ हा हुद्दा समजतात. हुद्दा नावाच्या आधी येतो, प्रत्यय नावाला जोडून नंतर. एवढं लक्षात ठेवलं तर एका सैनिकाला चुकीची बढती देण्याचं टळतं. मुंबई इलाख्यात महारांची भरती १८९२ च्या सुमारास थांबवली गेली, पण त्याआधी भरती झालेले सैनिक नोकरीत राहिले. त्यामुळे १८८८ ते १९१० च्या आसपासच्या काळात अशी पदकं मिळणं पूर्णपणे शक्य आहे. ती जपून ठेवावीत अशीच आहेत, कारण त्या माणसांची लेखी आठवण फार कमी ठिकाणी उरली आहे.

क्रमांकाबद्दल: तो त्या पलटणीपुरताच असायचा. दोन पलटणींत एकच क्रमांक सापडतो आणि बदली झाली की सैनिकाचा क्रमांक बदलतो. म्हणून क्रमांक एकटा कधी शोधू नका, क्रमांक आणि पलटण ही जोडीच शोधा.

पदकाचा काळ कसा काढायचा

दोन पुरावे एकमेकांवर ठेवायचे: पुढचा चेहरा आणि कडेवरचं पलटणीचं नाव.

व्हिक्टोरियाचं पदक १८८८ ते १९०१, सातव्या एडवर्डचं १९०१ ते १९१०, पाचव्या जॉर्जचं १९१० ते १९३६, सहाव्या जॉर्जचं १९३६ ते १९४७. चेहऱ्याभोवतीचा मजकूर पूर्वी ‘कैसर-इ-हिंद’ असा असे. पाचव्या जॉर्जच्या उत्तरकाळात त्या जागी त्याच अर्थाचं, म्हणजे ‘हिंदुस्थानचा सम्राट’, लॅटिन ‘इंडिए इंप’ आलं. राज्य बदलल्यावर नवा साचा यायला वेळ लागतो, म्हणून सरहद्दीच्या वर्षांत एक-दोन वर्षांची ढील द्या.

पलटणींची नावं याहून जास्त सांगतात. १९०३ मध्ये हिंदुस्थानचा सरसेनापती लॉर्ड किचनरने सगळ्या हिंदी सैन्याला एकाच क्रमवारीत बसवलं आणि मुंबईच्या पायदळाच्या जुन्या आकड्यात १०० मिळवले. तिसरी मुंबई १०३ झाली, पाचवी १०५, दहावी ११०, चौदावी ११४, सोळावी ११६, सतरावी ११७. यातल्या १०३, १०५ आणि ११० या ‘मराठा लाइट इन्फन्ट्री’, तर ११४, ११६ आणि ११७ या नुसत्या ‘मराठाज’. कडेवर ११४ च्या पुढे ‘एल. आय.’ दिसलं तर भिंग पुन्हा काढा. १९२२ मध्ये या सहा पलटणींची मिळून पाचवी मराठा लाइट इन्फन्ट्री बनली: १०३ ची पहिली बटालियन, १०५ ची दुसरी, ११० ची तिसरी, ११६ ची चौथी, ११७ ची पाचवी ‘रॉयल’ आणि ११४ ची दहावी, म्हणजे प्रशिक्षण बटालियन. तेव्हापासून कडेवर ‘३/५ मराठा एल. आय.’ अशी तिरक्या रेघेची जोडी दिसते. इंग्रजी स्पेलिंगमध्ये ‘एच’ आधी येतो, ‘एम-ए-एच-आर-ए-टी-टी-ए’. आजच्या स्पेलिंगचं नाव ब्रिटिशकालीन पदकावर असेल तर संशय घ्या.

आता उदाहरण. पाचव्या जॉर्जचं ‘कैसर-इ-हिंद’ पदक आहे आणि कडेवर ११० मराठा लाइट इन्फन्ट्रीचा हवालदार आहे. चेहरा सांगतो १९१० नंतर, पलटण सांगते १९२२ पूर्वी. त्यातून वीस वर्षं वजा केली की भरती साधारण १८९० ते १९०२ मधली. भरतीचं वय अठरा-वीस धरलं तर जन्म १८७० ते १८८४ च्या आसपास. घरच्या वंशावळीत कुठल्या पिढीत शोधायचं ते इथेच ठरतं. पुष्कळदा ‘आजोबांचं पदक’ पणजोबांचं निघतं, कारण आजोबा त्या वेळी जेमतेम शाळेत होते.

हाच वीस वर्षांचा हिशेब खोटेपणाही पकडतो. १११ महार ही पलटण १९१७ मध्ये उभी राहिली आणि १९२१ मध्ये मोडली. महार रेजिमेंट १९४१ ची. त्यांच्या नावाचं सद्वर्तन पदक दिसलं तर सैनिक दुसऱ्या पलटणीत आधी नोकरी करून आलेला असला पाहिजे. ती आधीची नोकरी कागदावर दिसेपर्यंत पैसे मोजू नका.

बनावट आणि ‘नाव बदललेलं’ पदक

पूर्ण ओतीव नक्कल ओळखणं तुलनेने सोपं. ओतताना धातू आकसतो, त्यामुळे व्यास खऱ्यापेक्षा किंचित कमी भरतो. केसांच्या रेषा आणि कमळाच्या पाकळ्या बोथट दिसतात. भिंगाखाली बारीक छिद्रं दिसतात.

धातू तपासायला घनता मोजा. फीत काढून पदक तोला. मग तराजूवर पाण्याचा पेला ठेवून आकडा शून्य करा आणि पदक बारीक दोऱ्याने पाण्यात असं लोंबकळत धरा की ते तळाला आणि बाजूंना टेकणार नाही. जो आकडा दिसेल त्याने कोरड्या वजनाला भागा. समजा कोरडं वजन ३४.२० ग्रॅम आणि पाण्यातला आकडा ३.३० ग्रॅम, तर घनता १०.३६. ही ९२.५ टक्के चांदीची घनता आहे. जर्मन सिल्व्हर आणि पितळ साडेआठच्या आसपास येतात. पदकाला चिकटलेला बुडबुडा आकडा बिघडवतो, म्हणून बुडवून हलकेच हलवा आणि तीनदा मोजा. नंतर टांगणीच्या सांध्यातलं पाणी नीट सुकवा.

पण चांदी खरी निघाली म्हणून हुरळून जाऊ नका. सगळ्यात त्रासदायक प्रकार म्हणजे खरं पदक, खोटं नाव. साध्या पलटणीचं नाव घासून त्या जागी गाजलेल्या पलटणीचं नाव घातलेलं असतं. कॅलिपरने व्यास निदान सहा ठिकाणी मोजा. घासलेलं पदक दोन-तीन दशांश मिलिमीटरने कमी भरतं, किंवा एका अंगाला कमी आणि दुसऱ्या अंगाला जास्त. दोन्ही बाजूंची उंच किनार सगळीकडे सारख्या रुंदीची आहे का ते पाहा. एका बाजूला ती पातळ झाली असेल तर तिथे कानस फिरली आहे. कडेच्या लांबीतल्या खरवडी, नावाखालचा चकचकीत पट्टा आणि त्यात जुन्या अक्षरांची भुतासारखी पुसट रेघ, या खुणा एकत्र दिसल्या की प्रकरण संपलं.

नाव घालण्याच्या दोन पद्धती होत्या. कोरलेल्या अक्षरांत धातू निघून जातो, खाच इंग्रजी ‘व्ही’ सारखी असते आणि हाताच्या वळणामुळे दोन ‘ए’ कधीच तंतोतंत सारखे नसतात. ठोकलेल्या अक्षरांत धातू दाबला जातो, अक्षराच्या काठावर किंचित उंचवटा राहतो आणि एकाच ठशाची सगळी अक्षरं सारखी असतात. जुन्या पदकांवर वळणदार जोड-अक्षरातलं कोरीव काम सर्रास आढळतं, नंतरच्या काळात ठोकलेली लहान आकाराची कॅपिटल अक्षरं. म्हणून वेडंवाकडं कोरीव काम दिसलं की लगेच बनावट म्हणू नका. त्याच काळातल्या, त्याच पलटणीच्या दुसऱ्या पदकाच्या फोटोशी ताडून पाहा. तुलनेसाठी असे फोटो साठवत जाणं हीच या छंदातली खरी गुंतवणूक आहे.

टांगणी नसलेली पदकं आपल्याकडे खूप सापडतात. ती तोडून जागी कडी डाग दिलेली असते, कारण पदक माळेत ओवून बायकामुलांच्या गळ्यात गेलेलं असतं. संग्राहक अशा पदकाला कमी लेखतात. पण डाग देताना कडेवरची अक्षरं वितळली नसतील तर संशोधनासाठी त्याची किंमत तिळभरही कमी होत नाही. नवी टांगणी लावून घेऊ नका. सराफाकडे पदक नेताना एक सांगून ठेवा: कसोटीच्या दगडावर कड घासायची नाही.

बरोबरची पदकं

सद्वर्तन पदक एकटं असलं तर माणसाची नोकरी कळते, बरोबरीची पदकं असली तर त्याचा प्रवास कळतो. सगळ्यांवरची नावं, क्रमांक आणि पलटणी शेजारी शेजारी लिहा. क्रमांक सारखा असेल तर गट खरा असण्याची शक्यता मोठी. वेगळा असेल तर बदली झाली होती का ते पाहा. ‘१९१४ स्टार’ हा ५ ऑगस्ट ते २२ नोव्हेंबर १९१४ या काळात फ्रान्स-बेल्जियममध्ये असलेल्यांना मिळाला, ‘१९१४-१५ स्टार’ १९१५ अखेरपर्यंत कोणत्याही आघाडीवर गेलेल्या बाकीच्यांना. एका सैनिकाला दोन्ही मिळत नसत. दोन्ही एकाच पट्टीवर शिवलेले दिसले तर कोणीतरी गट नंतर जुळवला आहे.

१०३, ११० आणि ११७ या तिन्ही पलटणी सहाव्या पूना डिव्हिजनबरोबर मेसोपोटेमियात (आजच्या इराकमध्ये) होत्या आणि तुर्कांनी कूत या गावाला घातलेल्या वेढ्यात सापडल्या. २९ एप्रिल १९१६ ला तिथे शरणागती झाली. या पलटणींचं १९२० च्या आसपासचं सद्वर्तन पदक म्हणजे वेढा, कैद आणि परत हजर होणं, अशी वाट असू शकते. असू शकते एवढंच. सैनिक तेव्हा डेपोतही असू शकतो. कागद मिळेपर्यंत ‘कूतचा वीर’ असं लिहू नका.

दुसऱ्या महायुद्धातल्या पदकांबद्दल एक उपयोगी गोष्ट: ब्रिटिश सैनिकांची ती पदकं बिननावाची होती, हिंदी सैनिकांची मात्र नाव घालून दिली गेली. त्यामुळे सहाव्या जॉर्जच्या सद्वर्तन पदकाबरोबरचा बर्मा स्टारही उलटून पाहा.

कागद कुठे शोधायचे

सुरुवात घरातूनच. डिस्चार्ज सर्टिफिकेट, पेन्शनचं पुस्तक, जुनी ट्रंक, फोटोची मागची बाजू. पेन्शनच्या कागदावर गाव, तालुका आणि वडिलांचं नाव असतं. तेवढं मिळालं तर अर्धं काम झालं. अनेक गावांत पहिल्या महायुद्धानंतर बसवलेली संगमरवरी पाटी असते: या गावातून इतके गेले, त्यातले इतके कामी आले. तिच्यावर बहुधा नावं नसतात, पण आकडा कळतो.

मग रेजिमेंटचं रेकॉर्ड ऑफिस. मराठा लाइट इन्फन्ट्रीचं बेळगावला, बॉम्बे सॅपर्सचं खडकीला, महार रेजिमेंटचं सागरला, घोडदळाची जागा घेतलेल्या रणगाडा दलाचं अहिल्यानगरला. पत्रात क्रमांक, हुद्दा, नाव, त्या काळातलं पलटणीचं नाव, आजचं नाव आणि अंदाजे वर्षं द्या, कडेचा फोटो जोडा आणि एकच प्रश्न विचारा: या सैनिकाची शीट रोल (सैनिकाचा स्वतंत्र सेवापत्रक) किंवा लाँग रोल (पलटणीतल्या भरतीची नोंदवही) यातली नोंद आहे का? ‘सगळी माहिती द्या’ अशा पत्राला उत्तर येत नाही. सेवापुस्तिका ठरावीक काळाने नष्ट केल्या जातात, म्हणून १९२० पूर्वीच्या सैनिकासाठी नकाराची तयारी ठेवा. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयाचा उपयोग दुसऱ्या महायुद्धानंतरच्या निवृत्तांसाठी जास्त.

मोहिमांच्या पदकांच्या याद्या लंडनमध्ये आहेत: ब्रिटिश लायब्ररीतल्या इंडिया ऑफिसच्या दप्तरात ‘एल-मिल-५’ या मालिकेत, आणि क्यू इथल्या नॅशनल आर्काइव्ह्जमध्ये ‘डब्ल्यूओ १००’ मध्ये. तिथल्याच ‘डब्ल्यूओ १०२’ मध्ये सद्वर्तन पदकांच्या याद्या आहेत, पण त्या ब्रिटिश सैन्याच्या. हिंदी शिपायाचं नाव त्यात शोधण्यात दिवस घालवू नका. दिल्लीत जनपथावरचं राष्ट्रीय अभिलेखागार लष्करी विभागाच्या फायलींसाठी.

कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशन या संस्थेची, महायुद्धांत कामी आलेल्यांची यादी घरबसल्या पाहता येते. वीस वर्षं पुरी करून पदक घेणारा सैनिक बहुधा जिवंत परत आलेला असतो, म्हणून तो तिथे सापडणार नाही. तरीही ती यादी उघडा. तिथल्या नोंदींत वडिलांचं नाव, गाव आणि जिल्हा असतो, त्यामुळे त्याच पलटणीत तुमच्या गावचे आणखी कोण होते आणि कारकून तुमचं आडनाव कसं लिहायचा, हे दोन्ही कळतं.

कायदा

१९७२ च्या पुरावस्तू कायद्यानुसार शंभर वर्षांहून जुनी वस्तू पुरावस्तू ठरते. ती खाजगी व्यक्तीला देशाबाहेर पाठवता येत नाही, विकून नाही आणि परदेशातल्या भावाला भेट म्हणूनही नाही. अशा वस्तूंचा धंदा करायचा तर परवाना लागतो. ही शंभर वर्षांची रेघ दर वर्षी एक वर्ष पुढे सरकते, त्यामुळे पाचव्या जॉर्जची पदकं आता एकेक करून तिच्या आत येत आहेत. वयाबद्दल शंका असेल तर पाठवण्याआधी भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाकडून ती पुरावस्तू नसल्याचा दाखला घ्या.

ठेवण

पीव्हीसीच्या मऊ, वास येणाऱ्या पाकिटात पदक ठेवू नका. काही वर्षांत त्यावर हिरवट चिकट थर येतो. रबरबँड, लोकर, वर्तमानपत्राचा कागद यांतून गंधक सुटतं आणि चांदी काळी पडते. पॉलिएस्टरची पारदर्शक पाकिटं किंवा आम्लरहित कागद, वर घट्ट झाकणाचा डबा, आत सिलिका जेलच्या पुड्या. कोकणात आणि घाटमाथ्यावर जूनपासून दर महिन्याला पुड्या बदला किंवा तापवून परत वापरा. दोन पदकं एकमेकांना लागू देऊ नका, एकाची किनार दुसऱ्याच्या चेहऱ्यावर ओरखडा काढते.

प्रत्येक पदकामागे एक कार्ड ठेवा: कडेचा मजकूर जसाच्या तसा, व्यास, वजन, घनता, कुठून आलं आणि कोणत्या तारखेला, आधी कोणाच्या घरी होतं, कुठे कुठे शोधलं आणि काय मिळालं नाही. शेवटचा रकाना लोक सोडून देतात आणि मग तीन वर्षांनी तेच दप्तर पुन्हा उघडतात. पदक विकलं किंवा दुसऱ्याला दिलं तर कार्डाची प्रत बरोबर द्या. सैनिकाचं घर सापडलं तर कडेचे फोटो आणि कागदांच्या प्रती आधी त्या घरी पोचवा, कारण पुष्कळ घरांत ‘आमच्यातलं कोणीतरी फौजेत होतं’ याच्यापलीकडे काहीच ठाऊक नसतं.